पंचसूना : घरातल्या पाच जागा

पूर्वरंग

आजच्या निरूपणाला विषय घेतला आहे स्वयंपाकघराचा. झालं, लगेच काही मंडळी एकमेकांकडे बघायला लागली! बुवा आज भगवंताचं सोडून फोडणीचं सांगणार की काय? नाही हो. फोडणीचं सांगायचा अधिकार समोर बसलेल्या या मायमाउलींचा. मी शास्त्रातलंच सांगणार आहे. पण शास्त्र कधी कधी देवघरातून उठतं आणि सरळ चुलीपाशी येऊन बसतं, तसं आज होणार आहे.

धर्मशास्त्रात गृहस्थाश्रमाच्या प्रकरणात एक शब्द आलेला आहे, पंचसूना. सूना म्हणजे सून नव्हे बरं का. सासूबाईंनी उगाच मान हलवू नये! सूना म्हणजे जीव मारला जातो ती जागा. खाटकाचं ठिकाण. आणि असली ठिकाणं गृहस्थाच्या घरात किती? पाच. आपण म्हणतो, आम्ही माळकरी, आम्ही मुंगीसुद्धा मारत नाही. शास्त्र म्हणतं, बाबा रे, तुझ्याच घरात पाच वधस्थानं आहेत, आणि तू रोज ती वापरतोस.

कोणती पाच? मोजा बोटांवर. पहिली चूल. दुसरी पाटा आणि जातं. तिसरी केरसुणी. चौथी उखळ-मुसळ. पाचवी पाण्याचा घडा. चुलीत लाकूड घातलं, त्यातली मुंगी गेली. जात्यात दाणे घातले, त्यातला किडा गेला. केर काढला, उखळात कांडलं, घडा उचलला, दर वेळी कोणी ना कोणी बारका जीव आपल्या हातून जातो. मनात नसताना जातो. म्हणून तर गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले. देवाचं, पितरांचं, ऋषींचं, भूतमात्रांचं आणि दारी आलेल्या माणसाचं देणं रोज फेडायचं. वैश्वदेव त्यातच आला, गाईचा घास, कावळ्याचा घास त्यातच आला.

आता इथे जरा थांबा. शास्त्रकारांची नजर बघा. यज्ञशाळेतला माणूस, पण त्याचं लक्ष कुठे गेलं? घड्याखाली चिरडणाऱ्या बारक्या जिवाकडे. घरात हिंसा होते ती कुठे होते, हे त्याने स्वयंपाकघरात उभं राहून मोजलं. आज आपण तिथेच उभे राहू आणि तेच पुन्हा मोजू. कारण त्या पाच जागी आज मुंगी-किड्याचाच जीव जातो असं नाही. आपल्याच लेकराच्या जिवावर बेततं. कसं, ते ऐका.

मागे एका गावी सप्ताहाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो ते घर मोठं आचाराचं. सोवळ्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. आंघोळ झाल्याशिवाय चूल पेटायची नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास नाही. सगळं कसं रेखीव. आणि त्या घरातला दीड वर्षांचा नातू महिन्याभरात तिसऱ्यांदा जुलाबाने हैराण. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, नवस बोलून झाला. शेवटी डोळे आत गेले, रडायचं त्राण उरलं नाही, तेव्हा तालुक्याच्या गावी नेलं, सलाईन लावलं. वेळेवर नेलं म्हणून लेकरू हाती लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तीनच प्रश्न विचारले. बाळ पाणी कुठलं पितं? खायला कधी केलेलं देता? आणि त्याचं तोंड कशाने पुसता?

आजी घरी आल्या आणि त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं. सकाळपासून ओलं. त्यानेच ओटा पुसायचा, त्यानेच ताटं, त्यानेच पीठ लागलेले हात, आणि त्यानेच बाळाचं तोंड. घरातल्या प्रत्येक माणसाचं सोवळं ठरलेलं होतं, फडकं मात्र कोणाच्याच सोवळ्यात नव्हतं!

(येथे नामघोष)

म्हणून सोवळं म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. सोवळ्याची थट्टा करायला मी उभा नाही. स्वयंपाकाआधी आंघोळ, धुतलेलं वस्त्र, झाकलेलं पाणी, उष्टा हात अन्नाला न लावणं, हे सोवळ्याचं सार आहे आणि ते आजही खरं आहे. पण काळाच्या ओघात सार गळालं आणि टरफल राहिलं. कोणी शिवलं, कोणाची सावली पडली, याचा हिशेब आपण ठेवत बसलो. हात साबणाने धुतला का, याचा ठेवला नाही. स्वच्छ हाताच्या माणसाला जातीवरून उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि घाणेरड्या फडक्याला आत ठेवलं. अहो, रोगाचा जंतू जात विचारत नाही. तो हात बघतो. शौचाहून आलेला हात असेल, बाळाचं शी-शू काढलेला हात असेल, नाक शिंकरलेला असेल, पैसे मोजलेला असेल, त्या हाताला साबण लागला पाहिजे. वीस सेकंद चोळा. वीस सेकंद म्हणजे किती? शांतपणे विठ्ठल विठ्ठल म्हणत बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट चोळा. हातही धुतले गेले आणि नामही झालं.

आता पाच जागा एकेक करून बघू.

पहिली चूल. आता चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. अग्नी शुद्ध करतो हे खरं. खळखळून उकळलेल्या आमटीत जंतू टिकत नाहीत. पण अग्नीचं राज्य चूल पेटलेली असेपर्यंतच. चूल विझली, अन्न कोमट झालं की दुसऱ्याचं राज्य सुरू. पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली अन्न राहिलं की जंतू त्यात झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्या हवेवर तसंच राहू देऊ नये. आणि भाताचं तर विशेष ऐका. भातात एक जंतू असा असतो की त्याचं बीज उकळत्या पाण्यातही मरत नाही. भात रात्रभर पातेल्यात कोमट राहिला की ते बीज जागं होतं, वाढतं आणि विष सोडतं. ते विष सकाळी कितीही परतलं तरी जात नाही. आता फोडणीचा भात आपल्या सगळ्यांच्या आवडीचा! तो सोडा असं मी म्हणत नाही. रात्री उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी चांगला वाफाळता करून खा. फ्रीज नसेल तर मोजकाच करा. उरलंच तर वेळेवर गाईला घाला, भूतयज्ञ होईल. शिळं राखून नातवाला भरवाल तर मात्र पंचसूना होईल.

दुसरी जागा पाटा आणि जातं. पाट्याला टाकी लावलेली असते, त्या खाचांत वाटण अडकून राहतं. आता मिक्सर आला. भांडं विसळलं की आपल्याला वाटतं झालं. पात्याखालची रबराची चकती कधी काढून बघितली आहे का? आज घरी गेल्यावर बघा. कालचं खोबरं, परवाची चिंच तिथे नांदत असते. पीठ दळायचं तर तेही सांगतो. उपासाच्या दिवसांत भगर खाऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी वाचायला मिळतात. उपास बिघडत नाही हो, भगर बिघडलेली असते. दमट हवेत भगरीला बुरशी लवकर धरते, पीठ करून ठेवलं तर आणखी लवकर, आणि त्या बुरशीचं विष पोटात जातं. म्हणून सुटं, जुनं पीठ आणू नका. चांगली भगर निवडून, धुऊन, वाळवून घरी दळा, लागेल तेवढीच दळा. एकादशी पुण्यासाठी करायची, सलाईनसाठी नाही!

तिसरी जागा केरसुणी. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. वर्षातून एक दिवस ती लक्ष्मी, बाकीचे दिवस ती कोपऱ्यात. केरसुणीचीच धाकटी बहीण म्हणजे फडकं. सगळ्या स्वयंपाकघरात जास्त जंतू कुठे, तर ओलसर फडक्यात आणि भांडी घासायच्या ओल्या घासणीत. कारण तिथे ओल आहे, ऊब आहे आणि अन्नाचे कण आहेत. तेव्हा फडकी तीन ठेवा. हात पुसायचं वेगळं, ओट्याचं वेगळं, जमिनीचं पोतेरं वेगळं. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. रोज धुवा, अधूनमधून उकळत्या पाण्यात घाला, आणि कडक उन्हात वाळवा. ऊन फुकट आहे. सूर्यनारायणाने अजून त्याचं बिल पाठवलेलं नाही! रात्री मोरीत खरकटी भांडी ठेवून झोपू नका, झुरळ आणि उंदीर त्याच पंगतीची वाट बघत असतात. आणि एक सावधगिरी. जास्त स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. स्वयंपाकघराला साबण, गरम पाणी आणि ऊन, एवढं पुष्कळ आहे.

चौथी जागा उखळ-मुसळ. आता कांडण राहिलं नाही, त्या जागी विळी, सुरी आणि कापायची फळी आली. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली तर मातीतलं सगळं सुरीने आत नेलेलं असतं. मी माळ घातलेला माणूस, पण इथे सगळ्या घरांतली मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. ज्यांच्या घरी मांस-मासळी शिजते त्यांनी तिची फळी आणि सुरी वेगळी ठेवावी. त्याच फळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये. कच्चं आणि शिजलेलं यांची गाठ पडू देऊ नये. मांस शिजेल तेव्हा त्यातला जंतू मरेल, काकडी कुठे शिजणार आहे?

पाचवी जागा पाण्याचा घडा. एकोणिसाव्या शतकात आपल्या पंढरीच्या यात्रेत पटकी यायची. वारकरी देवाला भेटून निघायचे आणि वाटेत मरण गाठायचं. जे घरी पोचायचे त्यांच्याबरोबर गावात पटकी पोचायची. लोक म्हणायचे देवीचा कोप. 1884 साली रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी कलकत्त्यात त्या पटकीचा जंतू ओळखून काढला. रोग्यांच्या आतड्यांत तो होताच, पण तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. म्हणजे कोप नव्हता, पाणी होतं. तेव्हा घडा झाका. पाणी ओगराळ्याने काढा, पेला बुडवू नका, बोटं बुडवू नका. आठ दिवसांतून एकदा तरी माठ घासून उन्हात पालथा घाला. पाण्याची शंका असेल तर गाळून घ्या आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. लहान मूल, म्हातारं माणूस, पोटुशी बाई घरात असेल तर याबाबतीत आळस नको.

अशा या पाच जागा. गंमत बघा, जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नासाठी सगळ्या जगाला सूत्रं दिली, तीही पाचच. स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि जिन्नस चांगले वापरा. आमच्या शास्त्रात हे सगळं आधीच होतं, अशी फुशारकी मी मारणार नाही. जंतू तेव्हा कोणाला दिसला नव्हता. पण नजर कुठे ठेवायची ती जागा त्यांनी बरोबर दाखवली होती. आपण मात्र नजर काढून घेतली.

ती नजर पुन्हा देणारा एक महात्मा आपल्याच मातीत होऊन गेला. गाडगे महाराज. 1876 साली जन्मले, 1956 साली देह ठेवला. एका हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. क्रम लक्षात घ्या. आधी खराटा, मग कीर्तन. ज्या घाणीत माणसं आजारी पडतात तिच्यावर पाय ठेवून देवाचं गोड गोड बोलायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. आम्ही कीर्तनकार मंडळी त्यांचं नाव घेतो. नाव घ्यायचं तर क्रमही घेतला पाहिजे.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय!

(येथे भजन)

उत्तररंग

पूर्वरंगात पाच जागा पाहिल्या. आता प्रश्न उरला की हे सगळं करायचं कोणी? मायबहिणी मनात म्हणत असतील, बुवा, फडकी तीन सांगितलीत, माठ उन्हात सांगितलात, पण हात दोनच आहेत आमचे. पहाटे उठून डबे, मग शेत नाहीतर नोकरी, मग संध्याकाळची चूल. बरोबर आहे तुमचं. बहुतेक घरांत फडकं घाण राहतं ते आळसाने नाही. ते धुवायला हात उरत नाही म्हणून. त्यासाठीच आता आख्यान सांगतो पैठणचं.

गोदाकाठी एकनाथ महाराजांचा वाडा. दाराला कडी नाही. आला गेला, भुकेला, अतिथी, सगळ्यांना पान मांडलेलं. गिरिजाबाई अन्नपूर्णा. ज्या नाथांनी श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वासाने भुकावलेल्या गोरगरिबांना आधी जेवू घातलं आणि गावातल्या मोठ्यांचा रोष पत्करला, त्यांचं हे घर. आता इतकी माणसं जेवायची म्हणजे पाणी किती लागत असेल, विचार करा. पिण्याचं, शिजवण्याचं, धुण्याचं, खरकटं काढण्याचं. आणि नळ नाही, मोटार नाही. गोदावरीवरून आणायचं.

एके दिवशी दारात एक तरुण मुलगा उभा. सावळा, हसतमुख.

"नाथमहाराज, मला चाकरीला ठेवता?"

"बाळ, नाव काय तुझं?"

"श्रीखंड्या म्हणतात मला."

"काय काम करशील?"

"सांगाल ते करीन. पाणी भरीन, चंदन उगाळीन."

"आणि घेशील काय?"

"दोन वेळा तुमच्या घरचं अन्न मिळालं की झालं."

राहिला. पहाटे कावड खांद्यावर. गोदावरीला जायचं, पाणी भरायचं, रांजणात ओतायचं, पुन्हा जायचं. रांजण भरला की चंदन उगाळायला बसायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, बारा वर्षं! बारा वर्षं वाड्यातला रांजण रिकामा म्हणून राहिला नाही. रोज येणारेजाणारे त्याला हाक मारत, श्रीखंड्या पाणी आण, श्रीखंड्या इकडे ये. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तिकडे द्वारकेत एक ब्राह्मण भगवंताच्या दर्शनासाठी अनुष्ठानाला बसलेला. त्याला दृष्टान्त झाला, देव इथे नाही, पैठणला नाथांच्या घरी चाकरी करतो आहे. तो धावत आला, दारात येऊन विचारतो, "श्रीखंड्या कुठे आहे?" नाथ म्हणाले, "पाण्याला गेला असेल." म्हणाले, आणि एकदम चमकले. शोधायला गेले तर श्रीखंड्या नाही. रांजण मात्र भरलेला. नाथांच्या डोळ्यांना धार लागली. ज्याच्यासाठी योगी डोळे मिटून बसतात, त्याने बारा वर्षं माझ्या घरी पाणी वाहिलं!

(येथे नामघोष)

तो रांजण पैठणला आजही दाखवतात. नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात पाणी घालतात आणि भरून वाहू लागला की देव आला असं मानतात. आपण हात जोडतो, डोळे पुसतो, आणि घरी येऊन पाटावर बसून म्हणतो, "अगं, पाणी दे."

अहो, देवाने नाथांच्या घरी काय मागून घेतलं? नाथांबरोबर चौरंगावर बसून पोथी सांगितली का? नाही. खांद्यावर कावड घेतली. त्या वाड्यात जे सगळ्यांत जड, सगळ्यांत कंटाळवाणं आणि रोज करूनही रोज उरणारं काम होतं, ते घेतलं. द्वारकेच्या राजाला ते हलकं वाटलं नाही, आणि आपल्याला हातात फडकं धरायची लाज वाटते! काका, दादा, तरुण पोरांनो, मी तुमच्याशी बोलतो आहे. या मायबहिणी आता ऐकल्या तरी चालतील.

पाच जागा आहेत ना घरात? घरात माणसंही चार-पाच असतात. एकेक जागा एकेकाने घ्या. माठ घासून उन्हात घालायचा तो आजोबांनी घ्या, जमत असेल तोवर. रात्रीची भांडी मुलाने घासा. फडकी उकळून वाळत घालायची ती घरधन्याने घ्या. मिक्सरची चकती नातीच्या हाती द्या, तिला सापडेल काय लपलंय ते! उरलेलं अन्न वेळेवर झाकून ठेवायचं ते शेवटी जेवेल त्याने. चूल तेवढी जिची तिच्याकडे राहू द्या. आणि तीही एखाद्या दिवशी तिच्याकडून मागून घ्या. श्रीखंड्याने मागूनच घेतलं होतं काम, कोणी लादलं नव्हतं त्याच्यावर.

आणि सासूबाई, तुम्हांला एक हात जोडून सांगणं. सुनेने हात साबणाने धुतले, फडकं बदललं, शिळं बाळाला द्यायला नाही म्हटलं, तर आमच्या वेळी नव्हतं असलं असं म्हणू नका. तुमच्या वेळी किती घरांत पाळणे हलता हलता थांबले, ते तुम्हांलाच ठाऊक आहे. तो कोप कोणा देवीचा नव्हता.

जेवायला बसताना आपण अन्नाला परब्रह्म म्हणतो. परब्रह्म ज्या ताटात वाढायचं ते ताट कशाने पुसलं, एवढंच आज विचारायचं आहे. देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा तो डोळ्यांनी जेवतो म्हणतात. पण तो नैवेद्य मागाहून खरोखर जेवतं ते घरातलं लहान मूल. त्याचं पोट सांभाळलं तर नैवेद्य पावला म्हणून समजा.

एकनाथांच्या रांजणाला रोज पाणी घालणाऱ्या त्या सावळ्या चाकराच्या चरणी आजची सेवा रुजू करतो. हे पांडुरंगा, घरोघरीच्या घड्यातलं पाणी निर्मळ राहो, चुलीवरचं अन्न ताजं राहो, आणि ते सांभाळणाऱ्या हातांना घरातल्या सगळ्या हातांची साथ मिळो. लेकरंबाळं सुखी राहोत.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!